जवाईबुवा, शर्ट काढा

सकाळच्या राउंडला डॉक्टर एका बाळापाशी थांबले. हाताची मागची बाजू त्यांनी बाळाच्या तळपायाला लावली आणि म्हणाले, "पाय अजून गारच आहेत. संध्याकाळपर्यंत ऊब धरली तर ठीक, नाहीतर बुलढाण्याला पाठवू. ॲम्ब्युलन्सवाल्याला सांगून ठेवा."

बाळ म्हणजे पोरगी. दिवस भरायच्या आधी आलेली, आणि इतकी लहान की दुपट्यात गुंडाळली की दुपटंच दिसायचं. श्वास ठीक होता, चमच्यानं दूधही गिळत होती. फक्त अंगात ऊब टिकत नव्हती. ऊब देणारं मशीन आमच्याकडं एकच, आणि त्यात तिच्यापेक्षा जास्त आजारी बाळ ठेवलेलं. तिची आई सिझरनंतर बीपी चढून औषधांच्या गुंगीत होती, तिला हलवणं शक्य नव्हतं. म्हणजे पोरीला जावं लागलं असतं तर आईशिवाय जावं लागलं असतं, जानेवारीच्या थंडीत, घाट चढून. आणि आई इकडं जागी झाल्यावर बाजूची जागा चाचपत राहिली असती.

रुग्णालय कोणतं ते मी लिहीत नाही. गच्चीवरून सातपुडा दिसतो, एवढं पुरे. जास्त लिहिलं तर तिथली माणसं वाचतील आणि फोन करून विचारतील, "माह्याबद्दल एवढंसंच काऊन लिहिलं?"

मी तिथं नर्स होते. बीएस्सी नर्सिंग. आमच्या घरात कॉलेजात गेलेलं पहिलं माणूस मी, आणि ही गोष्ट मी लाजून सांगत नाही. बाबा जळगाव जामोदच्या बाजारात भाजी विकतात. त्यांच्याकडं वांगी घ्यायला आलेल्या बाईला वांग्याचा भाव नंतर कळतो, पोरगी "डिग्रीवाली सिस्टर" आहे हे आधी कळतं.

कॉलेजनं मला एक खोड लावली. आमच्या एक शिकवणाऱ्या मॅडम होत्या, त्या कशालाही विचारायच्या, "पुरावा काय?" अमुक औषध देतात, का देतात, पुरावा काय? तमुक पद्धत चालत आली आहे, बरं, पण पुरावा काय? ती खोड मी पेटीतल्या पुस्तकांबरोबर घरी आणली. आई म्हणाली की ओवा खाल्ल्यानं पोट दुखायचं थांबते. मी म्हटलं, पुरावा काय? आईनं लाटणं खाली ठेवलं आणि बाबांकडं पाहून म्हणाली, "इले नर्स कराले पाठवलं होतं का फौजदार?"

तर अशी मी, पुरावे घेऊन नोकरीला लागले. आणि त्यातला एक पुरावा मला फार आवडायचा. कमी वजनाचं बाळ आईच्या छातीवर उभं धरायचं, कातडीला कातडी लागेल असं, मध्ये कपडा नाही. वरून ओढणीनं बांधायचं आणि पांघरूण घ्यायचं. बाळाच्या डोक्यावर टोपी, पायात मोजे, बाकी उघडं. आईच्या अंगाची ऊब बाळाला मिळते, बाळ शांत राहतं, दूध चांगलं पितं. हे काही मी शोधलेलं नाही. जगभर तपासून झालेलं आहे. पण पुस्तकातलं आपल्या वॉर्डात चालतं का, हे डॉक्टरांना विचारून मी काही बाळांवर करून पाहिलं, नीट लक्ष ठेवलं, आणि ते चालत होतं. डॉक्टर खूश झाले. "शनिवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांना सांगा," म्हणाले.

मी सांगितलं. म्हणजे मला तरी वाटलं की मी सांगितलं. लॅपटॉप आणला, इंग्रजीत स्लाइड केल्या, रंगीत आलेख काढले. समोर आमच्या वॉर्डातल्या सिस्टर, उपकेंद्रांवरच्या नर्सबाई आणि गावोगावच्या आशाताई. मी सुरू झाले ती शेवटपर्यंत कुणाकडं पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर विसरले असते. दिवे लागले तेव्हा पहिल्या रांगेतल्या एक आशाताई दचकून जाग्या झाल्या आणि टाळ्या वाजवायला लागल्या. मी विचारलं, "काही प्रश्न?"

मागून प्रश्न आला, "चहा येऊन राह्यला का?"

आमच्या वॉर्डाच्या मुख्य सिस्टर, ज्यांना आम्ही सगळ्या मोठ्या सिस्टर म्हणतो, त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "लय छान बोलली वं," म्हणाल्या. "काय बोलली ते मंग फुरसतीनं सांगजो."

मग ठरलं की पोस्टर करायचं. चित्र सगळ्यांना कळतं. मी एक साधं रेषांचं चित्र निवडलं: खुर्चीत बसलेली आई, छाती उघडी, छातीशी बाळ. खाली मराठीत दोन ओळी. घेऊन गेले बाजारातल्या फ्लेक्सवाल्याकडं. त्याच्या दुकानात सगळे वाढदिवस आणि नेतेमंडळींचे बोर्ड. त्यानं फाइल उघडली, चित्र पाहिलं, पटकन नजर कीबोर्डकडं वळवली आणि मोठ्या बहिणीला हाक मारावी तसं विचारलं, "बाजी, शुभेच्छुक कोण टाकू?"

"शुभेच्छुक कशाला? दवाखान्याचं पोस्टर आहे."

"तरी पन. बिना शुभेच्छुकाचा बोर्ड आजतक छापला नाई मी. डॉक्टरसाहेबाचा फोटो टाकू का गोल कोपऱ्यात?"

नको म्हणून सांगितलं. त्यानं ते पोस्टर बाजूला तोंड करून छापलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं, दोन रबर लावले आणि हळू आवाजात म्हणाला, "घर जाके खोलना, बाजी."

पोस्टर वॉर्डाच्या दाराशी लागलं. त्यानंतर मी मामेबहिणीच्या लग्नाला रजेवर गेले. परत आले तर पोस्टरवरच्या बाईनं लुगडं नेसलं होतं. हिरव्या मार्करनं पदर, काठ लाल. हातात बांगड्या. कपाळाला टिकली. गळ्यात मंगळसूत्र, काळे मणी एकेक करून काढलेले. बाळ पदरावर, म्हणजे लुगड्याच्या बाहेर, छान टेकून झोपलेलं.

काम मोठ्या सिस्टरांचं होतं, आणि त्यांना त्याचा अभिमान होता. "बाई कशी उघडीनागडी बसून होती. माणसं येते-जाते, पाहून पाहून मान मोडते त्याईची."

"मॅडम, ते ठीक आहे, पण मंगळसूत्र काऊन?"

"मंग? लेकरू हाये तिच्यापाशी. लोक इचारतीन न, नवरा कुठी हाये म्हून."

मला हसू आलं. चित्र खरंच आधीपेक्षा गोड दिसत होतं, म्हणून मी तसंच राहू दिलं. पण हळूहळू लक्षात आलं की वॉर्डातल्या बाया आता ते पोस्टर पाहून तंतोतंत तसंच करत होत्या. लुगडं, झंपर, स्वेटर, वरून शाल, आणि या सगळ्याच्या वर बाळ. पदर नीट. टिकली ठीक. ऊब बाळाला मिळायची ती स्वेटरला मिळत होती. एवढंच असतं तरी निभावलं असतं, पण उपकेंद्रांच्या नर्सबाईंनी त्या सजवलेल्या पोस्टरचे मोबाइलवर फोटो काढून गावोगावच्या ग्रुपवर टाकले होते. माझ्या आलेखांवर झोपलेल्या आशाताईंनी हे चित्र मात्र घरोघर दाखवलं. आमचा शोध तालुक्यात पसरला, पण पदरासकट.

हे सगळं आधी सांगावं लागलं, कारण त्या सकाळी बाळाची आजी अगदी तशीच बसली होती.

आजी म्हणजे आईची आई. वडनेर भोलजीच्या बाजूच्या खेड्यातली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून लेक इकडं आलेली, म्हणून जबाबदारी सगळी आजीची. डॉक्टर पुढं गेल्यावर ती मला म्हणाली, "सिस्टरबाई, मी तं फोटोतल्यासारखंच धरून राह्यली पाहाटपासून. मंग पाय थंडे काऊन?"

"मध्ये कपडे किती आहेत?"

तिनं मोजायला सुरुवात केली आणि मध्येच तिच्याच ध्यानात आलं. "लुगडं. झंपर. अन् हे स्वेटर माह्या भावानं आणलं."

मी तिला समजावलं. आतल्या तपासणीच्या लहान खोलीत नेलं, दार लावलं. ती तयार झाली, आणि झंपराला हात घालताच तिला खोकला आला. असा खोकला की बाळ मीच घेतलं. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, एवढ्या लहान बाळाला खोकणारं माणूस नको, दुसरं कुणी बघा.

दुसरं कोण? आईला उठता येत नव्हतं. आजी खोकत होती. मावशी नव्हती, काकू तिकडच्या गावी. मी वॉर्डाच्या दारात उभी राहून विचार करत होते आणि समोरून जावई आले.

पोरीचा बाप. हिवरा आश्रमच्या बाजूचा. पहाटेच्या गाडीनं निघून खामगावला गाडी बदलून आलेला. सासुरवाडीचं पहिलं बाळ, त्यामुळं माणूस पूर्ण तयारीत: नवा शर्ट, त्यावर बिनबाह्यांचं स्वेटर, गळ्यात मफलर, केसाला तेल, हातात बर्फीचा पुडा. सासूनं त्याला पाहिलं आणि डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढला.

मी म्हटलं, "जवाईबुवा, शर्ट काढा."

तो आजूबाजूला पाहायला लागला. "कोण?"

"तुम्हीच."

"मला काय झालं?"

"तुम्हाला काही नाही झालं. तुमच्या पोरीला ऊब पाहिजे. तुमच्या छातीवर ठेवायची आहे. संध्याकाळपर्यंत पाय गरम नाही झाले तर तिला बुलढाण्याला न्यावं लागेल, आणि तिची आई इथंच राहील."

त्याचा चेहरा उतरला, ते मी पाहिलं. पुडा त्यानं खिडकीत ठेवला. पण हात शर्टाच्या बटणाकडं जाईना. नजर सारखी सासूकडं.

सासू भिंतीकडं तोंड करून उभी. ती जावयाशी थेट बोलत नव्हती, मला मध्यस्थ करून बोलत होती. "बाई, त्याईले सांगा, माह्यासमोर जवाई उघडे बसतीन हे काही होत नाई. आमच्या इकडं जवायाच्या ताटात पाह्यत नाई आम्ही, अन् तुम्ही छाती पाह्याले लावता."

माझ्याकडं एक मुद्दा होता. मला वाटलं, पक्का आहे. "आजी, हळदीच्या दिवशी उघडेच बसले होते न हे? अख्ख्या गावासमोर?"

"ते त्याईच्या गावाले," आजी भिंतीला म्हणाली. "आमच्याकडं फक्त उष्टी हळद आली वाटीत. नवरदेव नाई आला."

कॉलेजात मला पुष्कळ आक्षेपांची उत्तरं शिकवली होती, उष्ट्या हळदीचं नव्हतं शिकवलं.

तेवढ्यात मोठ्या सिस्टर आल्या. "काय चालून राह्यलं?" मी सांगितलं. त्यांचे प्रश्न एकेक आवाज चढवत आले. "पुरुष माणूस? बायांच्या वॉर्डात? उघडा?"

"आतल्या खोलीत, मॅडम. डॉक्टर हो म्हणाले. बापाच्या छातीवरही चालतं."

"पुरावा काय?" म्हणाल्या. माझंच वाक्य, माझ्याच आवाजात, मान वाकडी करून. वॉर्डातल्या दोघी हसल्या.

"पुस्तकात आहे. पाहिजे तर दाखवते. आणि दुपारी तुम्हीच पायाला हात लावून पाहा."

त्या क्षणभर माझ्याकडं, मग बाळाकडं पाहत राहिल्या. मग आत गेल्या, तपासणीच्या खोलीतली खुर्ची ओढून खिडकीपासून दूर ठेवली, फटीला कापूस लावला, आणि सासूसाठी एक स्टूल आणून भिंतीकडं तोंड होईल असं मांडलं. "आजी, तुम्ही अठी बसा. तोंड तिकडं. जवाई तिकडं. कोणी कोणाले दिसत नाई. झालं?"

आजीनं स्टूल पाहिलं, भिंत पाहिली, आणि बसली.

जावयानं शर्ट काढला, घडी घातली, आणि एक प्रश्न विचारला जो त्याला बहुतेक मघापासून छळत होता. "सिस्टर, छातीवर केस आहेत. बाळाला टोचतील का?"

"नाही टोचत."

"पुरावा काय?" दारातून मोठ्या सिस्टर.

पोरगी त्याच्या छातीवर ठेवली. डोकं एका बाजूला वळवलेलं, नाक मोकळं, पाय बेडकासारखे दुमडलेले. ओढणीनं बांधलं, वरून ब्लँकेट. बाळ गार लागलं तेव्हा त्याच्या अंगावर काटा आला तो मला दिसला. पण तो हलला नाही. नंतरही हलायला तयार नव्हता. मी म्हटलं, श्वास घ्या, चालतं. मोठ्या सिस्टरांनी आईचं दूध काढून वाटीत आणलं, चमच्यानं पाजलं. आजी भिंतीकडं पाहत सूचना देत होती. "बाई, त्याईले सांगा, टोपी कानावर घ्या म्हणा." टोपी कानावर नव्हती हे तिला कसं कळलं, देव जाणे.

दुपारी भेटीची वेळ झाली आणि बातमी फुटली. जावई उघडा बसला आहे, ही बातमी वॉर्डातून पोर्चात आणि पोर्चातून फाटकापर्यंत गेली. दाराशी डोकी. शेजारच्या खाटेवरच्या बाळंतिणीची सासू, कापडाच्या दुकानवाल्यांच्या घरची वयस्कर बाई, सरळ आत आली. नीट निरखून पाहिलं आणि मला म्हणाली, "बेटी, हमारे मुन्ने का भी बाप खाली बैठा है बाहर. बिठा दूँ क्या?"

"खाला, तुमचा नातू चांगला जाडजूड आहे. त्याला गरज नाही."

"तो क्या हुआ. बाप तो फुरसत में है."

येणारा प्रत्येक जण जावयाला विचारायचा, हे काय करून राह्यले? सुरुवातीला तो माझ्याकडं बोट दाखवायचा. मग हळूहळू स्वतः सांगायला लागला. "कपडा मधी नाही पाहिजे. आपल्या अंगाची गर्मी तिला जाते. नाक मोकळं पाहिजे." ऐकणारे माना डोलवत. मी जे इंग्रजी आलेखांतून सांगून एकालाही जागं ठेवू शकले नव्हते, ते हा माणूस तेल लावलेल्या केसांनी, खुर्चीत अडकून, तीन वाक्यांत सांगत होता. त्यात आजीची भर. "आमच्या जवायाची गर्मी लय हाये," ती भिंतीला सांगायची, "म्हून तं लेकरू घेतलं." हा काही पुरावा नव्हता, पण मी दुरुस्त केलं नाही. मोठ्या सिस्टरांनी पायाला हात लावला. थोड्या वेळानं परत येऊन पुन्हा लावला. पाय सकाळपेक्षा बरे होते. गरम नव्हते, पण बरे होते.

मग मला बाळंतपणाच्या खोलीत बोलावलं. तिकडं गेले ती बराच वेळ अडकले. परत आले तेव्हा खोलीच्या दारात ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर उभा होता. "सिस्टर, डिझेल भरून आणू का? घाटात लवकर निघालेलं बरं."

"थांबा थोडं," म्हटलं आणि आत गेले. पायाला हात लावला. पुन्हा गार. सकाळसारखे.

ब्लँकेट उघडलं. आत जावयानं बनियन घातलं होतं. बनियनच्या वर स्वेटर. पोरगी स्वेटरवर. आणि बाजूच्या खुर्चीत, डोक्याला पांढरी टोपी, हातात काठी, बाळाचे आजोबा. त्याचे सासरे. मळ्यातून थेट आलेले.

"हे काय?"

जावई हळूच म्हणाला, "मामंजी आले न सिस्टर. त्यांच्यासमोर कसं बसावं?"

मी सहसा कुणावर ओरडत नाही. त्या दिवशी ओरडले. "मान सासऱ्यांना द्या, ऊब पोरीला द्या! सासरे काही गार पडले नाहीत. ती पडली आहे. बाहेर गाडीवाला उभा आहे, दिसतो का?"

म्हातारबाबांनी माझ्याकडं पाहिलं, जावयाकडं पाहिलं, मग नातीच्या पायाला स्वतः हात लावला. हात पटकन मागं घेतला.

"काऊन सांगितलं नाई मले?" ते जावयाला म्हणाले. आणि काठी भिंतीला टेकवून त्यांनी सदऱ्याच्या गुंड्या सोडायला सुरुवात केली.

"मामंजी, अहो, तुम्ही काय करता?"

"मी बी उघडा बसतो. घ्या. आता तं लाज नाई न?" सदरा निघाला, बंडी निघाली, टोपी राहिली. म्हातारबाबा खुर्चीत ताठ बसले, हाडं मोजून घ्यावीत असे, अंगावर थंडीनं काटा. "सासरा उघडा, जवाई उघडा. बराबर झाला मान. काढा ते स्वेटर."

आजीला भिंतीकडूनच कळलं की काय घडलं. "अवो, तुम्हाले न्युमोनिया होईन," ती म्हणाली.

"झाला तं अठीच दवाखाना हाये," म्हातारबाबा म्हणाले.

जावयानं स्वेटर काढलं, बनियन काढलं. पोरगी पुन्हा छातीवर. मोठ्या सिस्टरांनी ब्लँकेट ओढलं आणि मग आपली स्वतःची शाल आणून म्हातारबाबांच्या अंगावर टाकली. त्यांनी ती बाजूला केली. "नोको बाई. शाल घेतली तं जवाई म्हणतीन, मले बी पाह्यजे."

ड्रायव्हर दोनदा डोकावून गेला. तिसऱ्यांदा त्यानं डिझेलचं विचारलं नाही, आतच येऊन उभा राहिला आणि विचारलं, "होऊन राह्यले का गरम?" मला आठवतं, त्या वेळात मी हातातलं थर्मामीटर पुसत होते, ते स्वच्छच होतं. पोरीनं एकदा जांभई दिली. खोलीतल्या सगळ्यांनी ती पाहिली. आजीनं तेवढी चुकवली, आणि "काय झालं? काय झालं?" म्हणून भिंतीला विचारत राहिली.

उन्हं कलली तेव्हा डॉक्टर आले. दारात थांबले. समोर दोन उघडे पुरुष, एक टोपीसकट, आणि त्यांच्याकडं पाठ करून एक बाई. डॉक्टरांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी गिळलं, बहुधा हसू. मग ब्लँकेटखाली हात घातला. पायाला लावला, थोडा वेळ तसाच ठेवला. पोटाला लावला. थर्मामीटर लावायला सांगितलं. मी लावलं, वाचून दाखवलं.

"राहू द्या इथंच," म्हणाले. "असंच चालू ठेवा. रात्री आळीपाळीनं." आणि ड्रायव्हरला, "तुम्ही घरी जा."

जावयानं डोळे मिटून घेतले. म्हातारबाबा सदरा शोधायला लागले आणि तो त्यांच्या मांडीखाली होता. आजी एकदम वळली, सगळं पाहिलं, "बाईऽ" म्हणाली आणि परत भिंतीकडं वळली, पण आता तिचे खांदे हसत होते.

आईचं बीपी उतरलं, गुंगी गेली, आणि पोरगी बापाच्या आणि आईच्या छातीवर आळीपाळीनं राहू लागली. एवढ्या लहान बाळाला लगेच घरी सोडत नाहीत. त्यामुळं शनिवार आला तेव्हा हे कुटुंब वॉर्डातच होतं.

मीटिंग होती. मी लॅपटॉप नेला नाही. जावयाला विचारलं, याल का पाच मिनिटं? तो शर्टाची बटणं मोकळी ठेवून, पोरगी आत, वरून शाल, असा त्या खोलीत आला. नर्सबाई आणि आशाताई खुर्च्या ओढून पुढं सरकल्या. मी मोजकंच बोलले. म्हटलं, पोस्टरवर पदर रंगवला, तो छान रंगवला, पण बाळ पदराच्या बाहेर राहिलं तर ऊब स्वेटरला मिळते. ज्यांनी ज्यांनी तो फोटो गावात पाठवला, त्यांनी आज हे पाहून जा आणि आता असं सांगा. मोठ्या सिस्टर पुढच्या रांगेत होत्या. त्यांनीच पहिला प्रश्न विचारला, तोही मुद्दाम, सगळ्यांना ऐकू जावा म्हणून. "माणसाच्या छातीवर केस असले तं?"

"नाही टोचत," जावई ठामपणे म्हणाला. "पुरावा हा पाहा," आणि शाल थोडी बाजूला केली. पोरगी तोंड उघडं टाकून झोपली होती.

मग प्रश्नांची झोड उठली. दूध किती वेळानं? झोपताना कसं? संडासला जायचं तर कोणाकडं द्यायचं? सासरा नसेल तर? चहा आला आणि थंड झाला. एक आशाताई फोटो काढायला उठल्या तर जावई म्हणाला, "फोटोसाठी शर्ट लावून घेतो थांबा." खोली हसली. मी म्हटलं, शर्ट लावला तर फोटो कशाचा काढता? मग मफलर तेवढा गळ्यात घालू दिला.

त्याला जायची घाई नव्हती. मी पाच मिनिटं म्हटलं होतं, त्याचं भाषण चांगलं लांबलं. तेवढ्यात दार ढकललं गेलं. दाराच्या चौकटीला धरून पोरीची आई उभी होती, पोटाच्या टाक्यांना एक हात लावून, वॉर्डापासून एकटी चालत आलेली. आजी मागून "थांब वं, थांब वं" करत येत होती.

"झालं का तुमचं?" ती नवऱ्याला म्हणाली. आवाज अजून बारीक होता, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेला. "सकाळपासून तुमच्याचपाशी हाये. आता माही पाळी."

"आत्ताच झोपली," तो म्हणाला. "थोडं राहू दे."

"झोपलेलं लेकरू मले घेता येत नाई असं थोडीच हाये. आना इकडं."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी काहीतरी नियम सांगीन या आशेनं. मी म्हटलं, नियम तिच्या बाजूनं आहे. मोठ्या सिस्टरांनी तिला आपली खुर्ची दिली, बायांनी तिच्याभोवती कडं केलं, आणि तो ओढणीची गाठ सोडायला लागला, हळूहळू, जितका वेळ लावता येईल तितका लावत.